करकोचा, म्हणे

गेल्या मार्चमध्ये मी क्रॉयडनच्या ट्रॅममधून करकोचा पाहिला. तो प्लॅस्टिकचा होता.

एवढ्यावरच भागलं असतं तर माझ्या बाकीच्या घोडचुकांच्या गर्दीत ही कुठल्या कुठे दडपून गेली असती. पण मी ती बातमी दिमितररावांना जाऊन सांगितली, तीही छातीठोकपणे. आणि दिमितरराव म्हणजे असे गृहस्थ, की तुम्ही त्यांना बाहेर पाऊस पडतोय म्हणालात तरी ते आधी विचारणार, "पाहिलास की ऐकलास?"

हे आमचे शेजारी. त्यांचं आणि आमचं घर एकाच भिंतीला पाठ लावून उभं आहे. मूळचे बल्गेरियाचे, सत्तरी ओलांडलेली, मिशी एखाद्या निवृत्त फौजदाराला शोभेल अशी. नोकरी मात्र कोर्टात दुभाष्याची केली. 'राव' ही माझ्या बायकोची, वंदनाची देणगी. "एवढ्या मोठ्या माणसाला नुसतं दिमितर काय म्हणायचं," असं ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली आणि तिने राव जोडून टाकलं. त्यांना ते इतकं आवडलं, की पोस्टमनला त्यांनी हा भारतातला किताब असल्याचं सांगून ठेवलंय.

पहिल्या भेटीतच मी माती खाल्ली होती. त्यांच्या मनगटावर लाल-पांढऱ्या पिळाचा एक दोरा होता, धुऊन धुऊन चहाच्या रंगावर गेलेला. मला वाटलं, देवळात जाणारा गोरा माणूस दिसतोय. मी मोठ्या आपुलकीने विचारलं, "सत्यनारायण?"

ते म्हणाले, "नाही, दिमितर."

मग त्यांनी समजावलं. त्यांच्याकडे एक मार्चला एकमेकांच्या हातात असा दोरा बांधतात. वसंत आला याची खात्री पटेपर्यंत तो काढायचा नाही. आणि खात्री म्हणजे कॅलेंडर नव्हे, टीव्हीवरची हवामानवाली बाई नव्हे. स्वतःच्या डोळ्यांनी करकोचा दिसला पाहिजे. दिसला की दोरा सोडायचा आणि झाडाला बांधायचा.

"क्रॉयडनमध्ये करकोचे असतात?" मी विचारलं.

"मी तरी पाहिलेला नाही," ते म्हणाले.

तेव्हा जुलै चालू होता.

त्यांचं म्हणणं असं, की बल्गेरियन माणसाला खोटं बोलणं अवघड जातं, कारण त्याचं क्रियापदच चहाडी करतं. स्वतः पाहिलेली गोष्ट सांगायची तर एक रूप, ऐकीव सांगायची तर दुसरं. इंग्रजीत असली सोय नाही. कोर्टात एकदा एका साक्षीदाराने सांगितलं, की आरोपीने व्हॅन पळवली. पण सांगितलं ऐकीव रूपात. दिमितररावांनी इंग्रजी केलं, "त्याने व्हॅन पळवली, मात्र पळवली तेव्हा हे गृहस्थ तिथे नव्हते." वकील उठून म्हणाला, साक्षीदार एवढे शब्द बोललेला नाही. दिमितरराव म्हणाले, "तो ते क्रियापदाच्या शेपटीने बोलला." त्यावर न्यायाधीशांनी त्यांना शेपटीचं भाषांतर न करण्याची विनंती केली. विनंती इतक्या गोड शब्दांत होती, की ही तंबी आहे हे त्यांना घरी पोचल्यावर कळलं.

इंग्रजांच्या खात्रीवर तर त्यांचा एक सिद्धांतच आहे. इंग्रज माणूस 'आय ॲम शुअर' म्हणाला की समजावं, याला खात्री नाही. 'मस्ट बी' म्हणाला की याने पाहिलेलं नाही. आणि 'शुड बी फाइन' म्हणाला की गळतीखाली बादली ठेवावी. एकदा त्यांचा बॉयलर दुरुस्त करणारा हत्यारं आवरत 'शुड बी ऑलराइट नाऊ' म्हणाला. दिमितररावांनी त्याला कॉफी दिली, खुर्ची दिली आणि रेडिएटरला हात लावून बसवून ठेवलं. रेडिएटर तापल्यावर विचारलं, "आता काय म्हणशील?" तो बिचारा म्हणाला, "इट सीम्स टू बी वर्किंग." एवढा हात भाजून घेऊनही तो 'सीम्स'च्या पुढे गेला नाही, याचं दिमितररावांना आजही नवल वाटतं.

माझं दुखणं नेमकं उलटं. मी पुण्याचा. खात्री हा आमच्याकडे स्वभाव असतो, त्याचा माहितीशी संबंध नसतो. स्टॅनमोरला जाणारी ट्यूब कुठली, डाव्या गुडघ्याला कुठलं तेल, पुढचं सरकार कोणाचं, यातलं काहीही मला विचारा. मी नक्की सांगतो. स्टॅनमोरच्या मित्राकडे निघालेले आम्ही एकदा ईलिंगला उतरलो होतो, तेही नक्कीच.

त्यात मानेचा गोंधळ. त्यांची मान 'हो' म्हणताना आडवी हलते, 'नाही' म्हणताना उभी. आणि माझी दोन्ही वेळेला गोल. एकदा मी त्यांच्या फाटकासमोर गाडी लावू का विचारलं, त्यांनी मान आडवी हलवली, मी गाडी दोन गल्ल्या पलीकडे नेऊन लावली. पावसात भिजत परत आलो तेव्हा ते फाटकातच उभे होते. "जागा आवडली नाही?" त्यांनी विचारलं. तेव्हापासून आमच्यात मानेने बोलायचं नाही असं ठरलंय.

त्यांना आमच्या भाषेतलं आवडलं ते 'म्हणे'. वंदना माझ्याशी बोलताना म्हणाली होती, "उद्या ट्रॅम बंद आहेत म्हणे." त्यांनी शब्द पकडला, अर्थ विचारला आणि माझ्याकडे आदराने पाहिलं. हा शब्द जणू मीच घरी बनवला होता. "आम्हाला अख्खं क्रियापद वाकवावं लागतं. तुमचं काम दोन अक्षरांत?" त्यातलं एक जोडाक्षर आहे हे मी सांगितलं नाही. त्या दिवसापासून ते इंग्रजीला म्हणे लावत सुटले. "द बस इज कमिंग, म्हणे." "द प्राइम मिनिस्टर इज वर्किंग हार्ड, म्हणे." स्टॉपवरच्या म्हाताऱ्या बायकांना हा बल्गेरियन शब्द वाटतो.

दोरा मात्र सुटत नव्हता. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. आमच्या गल्लीत चेरीची झाडं अशी फुलतात, की पेन्शनर लोक फोटो काढायला येतात. त्या फुलांखालून दिमितरराव तोच दोरा बांधून बाजारात जायचे. मी एकदा बल्गेरियन दुकानात चीज आणायला गेलो असताना तिथल्या बाईला दोऱ्याबद्दल सहज विचारलं. ती म्हणाली, "करकोचाच कशाला? फुललेलं झाड दिसलं तरी सोडतात. पाकोळी दिसली तरी चालतं."

मी हे दिमितररावांना सांगितलं. ते म्हणाले, "लिलियाच्या गावात झाड चालत नाही."

लिलिया त्यांची बायको. ती गावी असते, एवढंच आम्हाला माहीत होतं. आम्ही राहायला आलो तेव्हाही ती नव्हती. त्यांच्या दारातल्या खुंटीवर एक निळा बायकी रेनकोट असायचा. आम्ही अंदाज बांधला होता, आणि अंदाज बांधून गप्प बसलो होतो.

आणि मग तो मार्च. ट्रॅम एका वळणावर हळू झाली आणि एका घराच्या मागच्या बागेत, छोट्याशा डबक्याकाठी, एका पायावर उभा असलेला मला दिसला. पांढरा. लांब चोच. मी पुढच्याच स्टॉपला उतरलो, उलट ट्रॅम पकडली आणि थेट त्यांची बेल वाजवली.

"करकोचा," मी म्हणालो.

"ऐकलास?"

"पाहिला. या डोळ्यांनी."

"बहुतेक?"

"नक्की."

मला वाटलं होतं, ते मला मिठी मारतील. ते दाराला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "माझा गुडघा दुखतोय. नंतर पाहू." दुसऱ्या दिवशी सर्दी झाली. तिसऱ्या दिवशी कौन्सिलचा माणूस येणार होता. मला काही कळेना. इतकी वर्षं थांबलेला माणूस दोन मैलांवरचा पक्षी बघायला घाबरतो कशाला? मी रोज बेल वाजवत राहिलो. चिकाटी हाही माझ्याकडे माहितीशी संबंध नसलेलाच गुण आहे.

शेवटी रविवारी ते निघाले. कोर्टात घालायचा काळा सूट, टाय, बुटांना पॉलिश. ट्रॅमभर दोऱ्यावर अंगठा फिरवत होते. कुंपणाशी पोचलो. तो तिथेच होता, त्याच पायावर.

दिमितरराव बराच वेळ बघत राहिले.

"हलत नाही," ते म्हणाले.

"ध्यानस्थ असतात ते," मी म्हणालो.

तेवढ्यात त्या घरची बाई बागेत आली. दोन परकी माणसं, त्यातला एक लग्नाला आल्यासारखा, कुंपणावरून टक लावून बघतायत म्हटल्यावर तिने काय हवंय विचारलं. मी सांगितलं, तुमचा करकोचा बघतोय. बाईने आमच्याकडे पाहिलं, पक्ष्याकडे पाहिलं. मग अगदी हळुवारपणे म्हणाली, "आय थिंक ही माइट बी प्लॅस्टिक, लव्ह."

तळ्यातले मासे बगळ्यांनी खाऊ नयेत म्हणून तिनेच तो खोटा बगळा विकत आणून रोवला होता. मूळचा करडा, उन्हापावसाने पांढरा पडला होता इतकंच.

परतताना ट्रॅममध्ये दिमितरराव हसायला लागले. "स्वतः विकत आणलाय," ते म्हणाले, "आणि माइट बी." पुन्हा हसले. डोळे पुसले. पुन्हा पुसले. पुढचं पुसणं हसण्याचं नव्हतं, हे माझ्यासारख्यालाही कळलं.

"हा दोरा लिलियाने बांधला," ते म्हणाले. "एक मार्चला सकाळी. दुपारी विमानाने आईकडे गेली, म्हातारीला बरं नव्हतं. मग सगळ्या जगाची विमानं बंद झाली. मग मेहुण्याचा फोन आला." ते खिडकीबाहेर बघत होते. "लिलिया गेली, म्हणे."

हा शब्द मी त्यांना बस आणि पंतप्रधानांसाठी दिला होता.

"तिच्या गावात प्रत्येक खांबावर करकोच्याचं घरटं आहे," ते म्हणाले. "डोळे मिटून चाललं तरी दिसतो. पण मग बाकीचंही बघावं लागेल. ते टेकडीवर आहे, चर्चच्या मागे. इथे दिसला असता तर दोरा इथेच सुटला असता. मला वाटलं, तू माझी सुटका केलीस."

आमचा स्टॉप आला. मी आधी उतरलो आणि त्यांना हात दिला.

घरी आल्यावर मी वंदनाला सगळं सांगितलं. तिने डाळ गॅसवरून उतरवली आणि सरळ शेजारी गेली. मी मागोमाग.

"दिमितरराव, तुम्ही जाऊन या," ती म्हणाली.

"आय शुड," ते म्हणाले.

"शुड नको. तुम्हीच सांगता ना, शुड म्हणजे बादली. कधी जाता?"

"लवकरच. नक्की."

"ह्यांच्यासारखं नक्की?"

दिमितररावांनी माझ्याकडे पाहिलं. मग लॅपटॉप काढला. तिकीट वंदनाने तिथेच बसून काढलं, मे महिन्याचं. मी मध्ये मध्ये सीट कुठली घ्यावी ते सांगत होतो. कोणी ऐकलं नाही.

विमानतळावर मी सोडायला गेलो. तोच सूट, तोच टाय, बॅगेत वंदनाचे बेसनलाडू. आत शिरताना मी विचारलं, "जाणार ना टेकडीवर?" त्यांनी मान आडवी हलवली. मी त्यांची बॅग धरून मागे ओढायला लागलो. मग आठवलं. बॅग सोडली.

पंधरवड्याने ते परत आले. बेल वाजवली आणि वंदनाच्या हातात भाजलेल्या मिरच्यांच्या त्यांच्या चटणीची बरणी दिली. मनगटावर दोऱ्याच्या जागी पांढरी पट्टी उमटली होती, घड्याळ काढल्यावर दिसते तशी.

"गेलो होतो टेकडीवर," ते वंदनाला म्हणाले. "पाहिलं. जागा चांगली आहे. शेजारी अक्रोडाचं झाड आहे. दोरा त्यालाच बांधला."

वंदनाने त्यांचा हात धरला. तिघेही दारातच उभे होतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोललो.

"आणि करकोचा?"

"दिसला. ट्रॅक्टरच्या मागे मागे शेतात."

"नक्की करकोचाच?"

दिमितररावांनी मोकळ्या मनगटावरून अंगठा फिरवला.

"माझा चालत होता," ते म्हणाले.