समुद्रात उतरण्याचा अधिकृत जिना

आमच्या गावात समुद्रात उतरायला आत्तापर्यंत फक्त पाय लागायचे. पाठीवर हवेची टाकी घ्यायची, काळ्या वाळूवरून चालत जायचं, पाणी छातीला लागलं की बुडी मारायची. बोट नको, काही नको. फिलिपीन्समध्ये एवढी बेटं असताना नेग्रोसच्या या किनाऱ्यावर कुठून कुठून लोक सुट्टीला येतात ते याचसाठी. मग काय झालं, कौन्सिलरबाईंच्या सुनेचा पाय गोट्यावरून घसरला. मुरगळलासुद्धा नाही, नुसती चप्पल वाहून गेली. पण गावच्या सभेत ठराव झाला की किनारा असुरक्षित आहे, सबब समुद्रात उतरण्यासाठी अधिकृत जिना बांधण्यात यावा.

आणि जिना खरंच झाला हो! सिमेंटचा, दोन्ही बाजूंनी कठडा, कठड्यावर सिमेंटचे डॉल्फिन. आता अधिकृत जिना आहे म्हटल्यावर बाकी सगळीकडून उतरणं अनधिकृत झालं. आणि जिन्याचं उद्घाटन व्हायचं होतं, म्हणून जिना बंद. म्हणजे समुद्र बंद. आमचा कोळी नोंग सिसिन्यो जिना बंद झाला त्या दिवशी मासे धरायला गेलेला. परत येतो तर काठावर गावचा रखवालदार उभा. जिन्यानेच वर या, म्हणे, आणि जिना बंद आहे. शेवटी बिचारा शेजारच्या गावात होडी लावून ट्रायसिकल रिक्षाने घरी आला. होडी अजून तिकडेच आहे, तिकडची माणसं वापरतात.

यात माझा जीव टांगणीला लागलेला. मी कॉल सेंटर सोडून नांग पेर्लाच्या डाइव्ह शॉपमध्ये नुकतीच गाइड म्हणून लागलेले. नांग पेर्लाने स्पष्ट सांगितलेलं, की पहिला पाहुणा तू एकटीने पाण्यात ने, त्याला हवा तो मासा दाखव, खूश करून परत आण. नाही जमलं तर जा परत हेडफोन लावून अमेरिकेतल्या लोकांच्या ओव्हनच्या तक्रारी ऐकायला.

माझी पहिली पाहुणी हिल्का. फिनलंडची, आयुष्यभर ट्राम चालवून रिटायर झालेली, बोलणं एकदम मोजकं. तिला बेडूकमासा बघायचा होता, बाकी काही नाही. तुम्ही पाहिलाय ना तो? पोहायचा त्याला कंटाळा, तळावरून पाय असल्यासारखा चालतो. एरवी तोंड पाडून बसून असतो, जेवणानंतरच्या हेडक्लार्कसारखा. एक पिवळाजर्द मी हेरूनही ठेवलेला. पण मेयरसाहेबांची उद्घाटनाची तारीख पुढे पुढे जात राहिली आणि हिल्काची आख्खी सुट्टी व्हरांड्यात आंबे खाण्यात गेली. शेवटी तारीख मिळाली ती तिच्या विमानाच्या आदल्या दिवसाची. बुडी आणि विमान यांत एक दिवस तरी जायला लागतो, म्हणजे ती सकाळच काय ती उरली. तीही भरती आहे तोवरच. ओहोटी लागली की तिथे नुसते खडक आणि काटेरी समुद्री अर्चिन.

म्हणून मी पहाटेच कॅप उटिककडे पळाले. आमचा गावप्रमुख तो.

"कॅप, भरती आहे तोवर फीत कापून टाका ना. मेयर आले की परत कापू."

"परत कशी कापणार? फीत एकच मंजूर आहे."

"मग पाहुणीला जरा बाजूने उतरू द्या."

"बाजू मंजूर नाही, बाळा."

हिल्का जिन्यापाशी पाणबुड्याचा सूट घालून, टाकी पाठीला लावून तयार. परदेशी बाई दिसली म्हटल्यावर कॅपने तिला तिथल्या तिथे प्रमुख पाहुणी केलं, हार घातला आणि स्टेजवर बसवलं. तशीच, टाकीसकट. मग राष्ट्रगीत. मग प्रार्थना. मग प्रांताचं गीत. मग भाषणं. आणि आपल्याकडे भाषण म्हणजे आधी स्टेजवरच्या प्रत्येकाचं नाव, हुद्दा, नमस्कार. एक जण उपमेयरच्या बायकोचं नाव विसरला, तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. जे आले नव्हते त्यांचे संदेश वाचले गेले, आणि वाचणाऱ्यांनी त्या संदेशांवर आपापले संदेश दिले. मधे ज्येष्ठ महिलांचा झुम्बा. लोकांना आवडला म्हणून परत झुम्बा. हिल्का उन्हात उकडलेल्या कोळंबीसारखी लाल. मी खालून पाण्याकडे बघतेय, ते एकेक पायरी उतरतंय. स्टेजवाल्यांना काय दिसणार, त्यांची पाठ समुद्राकडे.

मेयर आले, फीत कापली, टाळ्या झाल्या. मग सगळे वळले. शेवटची पायरी, तिच्याखाली वाळू, पुढे अर्चिन, आणि समुद्र पार तिकडे लांब.

मी कॅपकडे बघितलं. तो अजिबात गडबडला नाही.

"जिना गावाचा आहे," तो म्हणाला. "पाणी दुसऱ्या खात्याचं."

पण पाण्याशिवाय फोटो कसा काढणार? आता अडचण फोटोची होती म्हटल्यावर ती लगेच सुटली. आख्खं डुक्कर भाजलं जाणार म्हणून अग्निशमनवाले बंबासकट आलेलेच होते. शेवटच्या पायरीभोवती वाळूची पोती रचली, गावच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीतून बंब भरून आणला आणि त्या डबक्यात गुडघाभर समुद्र सोडला. हिल्काला मास्क लावून त्यात पालथं पडायला सांगितलं. आणि मासा? कॅपच्या मेहुण्याला जत्रेतला पिवळा माशाचा पोशाख चढवून तिच्यासमोर उकिडवं बसवलं. खोटं कशाला बोलू, हुबेहूब दिसत होता. त्याला अजून जेवायला दिलं नव्हतं, त्यामुळे तोंडही तसंच पडलेलं.

फोटो झाला. मग वेडंवाकडं तोंड करून दुसरा, तो तर लागतोच. मग कॅपने हिल्कापुढे माइक धरला.

"आमच्याकडेपण पाण्यात उतरायला जिने असतात," ती म्हणाली. "लोक त्यांवरून पाण्यात उतरतात."

कॅपने लगेच भाषांतर केलं, की पाहुण्यांनी आपल्या जिन्याची तुलना थेट युरोपशी केली आहे. प्रचंड टाळ्या. बेडूकमासा पाहिल्याबद्दल तिला प्रमाणपत्र मिळालं, दाखवल्याबद्दल मला. मेहुण्यालाही मिळालं, दिसल्याबद्दल.

संध्याकाळी नांग पेर्लासमोर माझी पेशी.

"पाण्यात नेलंस?"

"नेलं."

"मासा दाखवलास?"

"दाखवला."

"खूश झाली?"

मी फोटो पुढे केला. हिल्काच्या तोंडात नळी होती, त्यामुळे हसतेय की काय ते कळत नव्हतं. नांग पेर्लाने तो आडवाउभा करून पाहिला. मग म्हणाली, सोमवारी वेळेवर ये.

तो फोटो मी इंटरनेटवर टाकला आणि शॉप जे भरलं ते अजून भरलेलंच आहे. बुडी कुणालाच मारायची नसते. फोटोपुरती टाकी पाठीला हवी, ओला सूट हवा, पायरी हवी. मेहुण्याला कायम केलंय.

हसताय काय? परवा तुम्ही सगळे माझे जुने कॉल सेंटरवाले आलात, मी वेड्यासारखी खूश. टाक्या भरून ठेवल्या, मास्क धुऊन ठेवले. मस्त भरती होती, पाणी काचेसारखं. आणि तुम्ही फोटोच्या रांगेतून मला हाक मारून काय विचारलंत? की पाण्याखाली पायऱ्या झाकल्या जातायत, समुद्र जरा मागे घेता येईल का.

कॅपला सांगितलंय मी. पुढच्या सभेत घेतोय म्हणाला.