सलोनीचं एकल गायन

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सलोनीचे श्रोते फुटले. तिची आई आशा ज्या शिवणक्लासला जायची, तिथल्या बायका ऐकायला येणार होत्या. त्यांतल्या एकीच्या पुतण्याची हळद उद्याच आहे, हे सगळ्यांना एकदम आठवलं आणि अख्खा क्लास हळदीकडे वळला.

दुसऱ्या कुठल्या परीक्षेत यामुळे काही बिघडलं नसतं. पण सलोनी मीरा रोडच्या ज्या कॉलेजात संगीत घेऊन बी.ए. करत होती ते नव्या पद्धतीचं होतं. तिथे गाण्याबरोबर अर्थशास्त्रही शिकावं लागे, आणि शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला मंचावर एकट्याने गावं लागे. श्रोतेही त्यानेच जमवायचे. कलाकाराला माणसं धरून ठेवता आली पाहिजेत, असं कॉलेजचं म्हणणं होतं. हॉल निम्मा तरी भरला नाही, तर गाणं झालंच नाही असं धरत. आणि हा पेपर राहिला तर डिग्री वर्षभर लांबणार होती. नवघर रोडवरच्या एका शाळेने सलोनीला जूनपासून संगीत शिक्षिका म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं, पण डिग्री हातात असली तरच.

"किती मानसं लागतात?" तिच्या वडिलांनी विचारलं.

"पन्नास तरी."

"एवढंच ना? मंडळ आहे की आपलं."

सलोनीचे वडील लवू भाईंदर पूर्वेच्या एका भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर कामाला होते. दर गुरुवारी मात्र ते तिथल्याच खारी गावातल्या भजनी मंडळाचे लवूबुवा होत. मंडळातले बहुतेक जण रत्नागिरीकडचे, आणि कोणाच्याही घरचं कार्य असो, बोलावलं की येणारे.

"पप्पा, ते शास्त्रीय आहे. त्यांना बोअर होईल."

"बोअर? सहादेव अखंड सप्त्यात सात रात्री बसतो. तुझं किती वेळाचं?"

"चाळीस मिनिटं."

"मग काय! चहासुद्धा लागनार नाय त्यांना."

रात्री मंडळ जमलं तेव्हा सलोनीने स्वतः जाऊन सगळ्यांना सूचना दिल्या. मोबाईल बंद. मध्येच उठायचं नाही. खोकला आला तर आधीच बाहेर जायचं. गाणं संपेपर्यंत टाळ्या नाहीत.

"झांज?" दाजींनी विचारलं. दाजी मंडळातले सगळ्यात वयस्कर.

"अजिबात नाही, दाजी. झांज नाही, टाळ नाही, मृदंग नाही."

"मृदंग पन नाय?" मंडळात मृदंग वाजवणाऱ्या सहादेवने विचारलं.

"तबला आहे. बुद्धभूषण वाजवणार आहे, माझ्या वर्गातला."

"एकटाच?"

"एकटाच."

"बिचारा," सहादेव म्हणाला.

सूचना सगळ्यांनी मान्य केल्या, आणि नंतर जे काही झालं त्यात यांतली एकही सूचना कोणी मोडली नाही, हे नोंदवलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मंडळ वेळेआधी हजर झालं. सगळ्यांनी इस्त्रीचे पांढरे शर्ट घातले होते. दाजींनी हॉलच्या दारात चपला काढल्या, म्हणून मागच्या सगळ्यांनी काढल्या. शिपाई म्हणाला, "अंकल, चप्पल चलता है इधर." दाजी म्हणाले, "गाना है ना अंदर? फिर नहीं चलता." विभागप्रमुख समिधा मॅडमना हे फार आवडलं. पहिल्या रांगेत बसलेल्या परीक्षकबाईंच्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या, "बघा, कसे शिस्तीचे श्रोते आणलेत मुलीने." परीक्षकबाई बाहेरच्या विद्यापीठातून आल्या होत्या. त्या कमी बोलत आणि हसतही कमी.

सलोनीने यमन सुरू केला. आलाप चालू असताना मंडळ अस्वस्थ होतं, पण गप्प होतं.

"शब्द कधी येनार?" दाजींनी हळूच विचारलं.

"येतील. आधी आवाज लावून घेते," लवूबुवा म्हणाले.

मग बुद्धभूषणने तबल्यावर हात टाकला आणि सलोनीने बंदिश उचलली. ती समिधा मॅडमनी स्वतः बांधलेली होती आणि मॅडम व सलोनी सोडून जगात कोणाला माहीत नव्हती.

"अंगनवा दीप धरो री, सांझ लगी आवन..."

सलोनी समेवर आली. पुढची तान घ्यायला तिने श्वास घेतला, आणि त्या श्वासात समोरून पन्नास गळ्यांचा आवाज आला.

"अंगनवा दीप धरो री, सांझ लगी आवन!"

सुरात होता. लयीतही होता. याबाबत नंतर कोणीच तक्रार केली नाही.

मंडळाच्या बाजूने पाहिलं तर यात विशेष काही घडलं नव्हतं. भजनात बुवा ओळ टाकतो आणि कोरस ती उचलतो. बुवाने टाकलेली ओळ कोणी उचलली नाही, ती खाली पडली, तर तो बुवाचा जाहीर अपमान. मंडळातल्या एकाने मागे कधीतरी भांडणाच्या रागात कोरस धरला नव्हता; त्याच्या घरच्या पूजेला अजूनही कोणी जात नाही. इथे तर बुवांची मुलगी गात होती, तीही परक्या ठिकाणी, आणि साथीला एकच मुलगा.

सलोनीचे डोळे मोठे झाले. बुद्धभूषणने तिच्याकडे पाहिलं. "ठेका सोडू का?" तो पुटपुटला.

"नको, वाजव!" ती पुटपुटली आणि बंदिशीची ओळ पुन्हा घेतली. ओळ पुन्हा उचलली गेली, या वेळी जास्त मोकळेपणी, कारण शब्द आता पाठ झाले होते.

तेव्हा सलोनीने समोर तळहात उंच करून थांबायची खूण केली. तिच्या चार वर्षांच्या शिक्षणातली ही सगळ्यात मोठी चूक होती. बुवाने तळहात वर केला की कोरसने आवाज चढवायचा, हे मंडळात लहान पोरालाही ठाऊक असतं. कोरस चढला. सहादेवने पुढच्या प्लास्टिकच्या खुर्चीची पाठ जवळ ओढली आणि तिच्यावर बोटांनी ठेका धरायला सुरुवात केली. मृदंग आणायचा नाही असं सांगितलं होतं. खुर्चीबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

समिधा मॅडम वाकून वाकून दाजींपर्यंत गेल्या. "काका, प्लीज. गाऊ नका."

दाजींनी त्यांना बाजूची रिकामी खुर्ची दाखवली. "बसा मॅडम. तुमीपन धरा. सोपी आहे चाल."

"मला माहितीये, मीच बांधलीये!"

"मग तर धराच."

मॅडम बसल्या, कारण उभ्या राहिल्या असत्या तर परीक्षकबाईंना दिसल्या असत्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण सलोनीनंतर तिच्या वर्गातल्या मिनलचा नंबर होता आणि मिनलचे श्रोते आधीच येऊन मागे बसले होते. त्यात तिच्या बिल्डिंगमधल्या सत्संगाच्या बायका होत्या. पुढे इतकं छान कीर्तन चाललेलं पाहून त्यांनी टाळ्यांवर ताल धरला. "वाह, केटलु सरस!" एक जण म्हणाली, आणि अंतऱ्याला त्याही उतरल्या.

मागून दुसरा कोरस ऐकू येताच सहादेवने मान वळवून पाहिलं. मंडळ पूर्वी डबलबारी करायचं; समोरासमोर दोन भजनी मंडळं बसतात आणि कोण भारी ते ठरतं. सहादेवला ते दिवस आठवले असावेत. "लवू," तो म्हणाला, "बारी लागली रे." पुढे काय झालं ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. सलोनीच्या ताना तिच्या ओठांवर दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या. शेवटी तिनेही नाद सोडला. ती ओळ टाकायची, थांबायची, दोन्हीकडून ओळ परत यायची, मग ती पुढची टाकायची. बुद्धभूषण आता दणक्यात वाजवत होता आणि त्याचा चेहरा, खरं सांगायचं तर, सुखी दिसत होता. परीक्षकबाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते हललं नाही.

गाणं संपल्यावर मात्र, ठरल्याप्रमाणे, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

परीक्षकबाईंनी सलोनीला बाजूला बोलावलं. "हा पेपर कसला होता?"

"एकल गायनाचा."

"मी तुला नापास करत नाहीये. पण मार्क द्यायला मी तुला ऐकलंच नाहीये. उद्या सकाळी विभागात ये. दार बंद करून गाशील. श्रोते मोजलेत, तेवढे पुरे. ते परत नकोत."

"आणि उद्याही नीट नाही झालं तर?"

"तर पुढच्या वर्षी," बाई म्हणाल्या.

दारात लवूबुवा पायात चप्पल सरकवत होते. घामाघूम आणि खूष. "एक ओळ खाली पडू दिली नाय, सलू!"

सलोनी रिक्षात तोंड फिरवून बसली. घरी गेल्यावर बोलली, आणि बराच वेळ बोलली. लवूबुवा ऐकत होते. आशा ताटं वाढत होती.

"मग आधी सांगायचंस ना," ते शेवटी म्हणाले.

"पप्पा, श्रोत्यांना गाऊ नका असं कोण सांगतं?"

"आनि समोर मानूस गात असताना गप बसायचं, असं आम्हाला कोन सांगनार?"

"यांना गप बसायला सांगून उपयोग नाही गो," आशा म्हणाली. "आमच्या लग्नात भटजींच्या मागे मंगलाष्टकं धरली होती यांनी. जेवा आता."

लवूबुवा जेवले नाहीत. दोन घास खाऊन हात धुतला आणि गॅलरीत जाऊन दाजींना फोन केला. "नोकरी जायची पोरीची," एवढंच सलोनीला आत ऐकू आलं.

सकाळी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिला रिक्षाने कॉलेजच्या गेटपर्यंत सोडलं. "मी आत येत नाय," ते म्हणाले. "इथेच उभा राहतो. इथून काय ऐकू पन येनार नाय." आणि खात्री करायला ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

विभागाच्या खोलीत परीक्षकबाई, समिधा मॅडम, बुद्धभूषण आणि सलोनी, एवढेच होते. दाराला आतून कडी लावली. तंबोरा लागला. आलाप नीट झाला. रात्री झोप न लागलेल्या माणसाचा आवाज जितका नीट लागतो त्याहून नीट. बाईंनी डोळे मिटले होते आणि त्यांचं पेन कालच्यासारखं अडलेलं नव्हतं.

सलोनीने बंदिश घेतली. "अंगनवा दीप धरो री, सांझ लगी आवन..."

समेवर आली आणि थांबली.

तिला थांबायचं नव्हतं. पण काल ती दर वेळी त्याच जागी थांबत गेली होती, आणि श्वासाला तेवढ्यात सवय लागली होती. तबला पुढे चालला. ओळ हवेत तशीच राहिली. पुढच्या वर्षीची परीक्षा सलोनीला स्वच्छ दिसली.

"अंगनवा दीप धरो री, सांझ लगी आवन!"

आवाज खुला, भरदार आणि चांगला तयार होता. तो परीक्षकबाईंचा होता. "आवन"पर्यंत येता येता समिधा मॅडमही त्यात होत्या.

बाईंनी डोळे उघडले. समिधा मॅडम खिडकीबाहेर पाहू लागल्या. बुद्धभूषणने मान खाली घालून ठेका चालू ठेवला. हसायचं नाही एवढ्या एकाच कामात तो गुंतला होता.

"दार नीट लावलंय ना?" बाईंनी विचारलं.

"हो," मॅडम म्हणाल्या.

"मग गा पुढे. आणि थांबू नकोस, म्हणजे आम्हाला पण..." बाईंनी वाक्य सोडून दिलं आणि पेन उचललं.

सलोनी पुन्हा थांबली नाही. ताना झाल्या, द्रुत झालं. दोनदा समेवर बाईंनी श्वास भरून घेतल्याचं तिला दिसलं. दोन्ही वेळा त्यांनी ओठ घट्ट मिटले. शेवटी त्यांनी मार्क लिहिले, सही केली आणि सलोनीकडे न बघता म्हणाल्या, "एकल गायन. पास. चांगले मार्क आहेत. जा."

लवूबुवा रस्त्याच्या पलीकडेच उभे होते. सलोनीचा चेहरा बघून ते रस्ता ओलांडून धावत आले.

"झालं?"

"झालं. पास."

त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि थोड्या वेळाने चाचरत विचारलं, "एकटीच गायलीस?"

"एकटीच."

"पूर्ण वेळ? कोनी ओळ उचलली नाय?"

सलोनीने वर पाहिलं. विभागाच्या खिडकीत परीक्षकबाई पर्स आवरत होत्या. सही होऊन पुरती दहा मिनिटंही झाली नव्हती.

"नाय," ती म्हणाली.

लवूबुवांनीही खिडकीकडे पाहिलं. त्यांना त्या बाईंची दया आली असावी. "वाईट नको वाटून घेऊस, सलू," ते म्हणाले आणि रिक्षाला हात केला. "शिकलेली मानसं ती. लाजतात गायला."