सात अध्यक्षांचा सेक्रेटरी

मतमोजणीच्या दिवशी सकाळी दत्ताराम गावस घरातून निघतो तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या खिशात त्याच्या पक्षाच्या तालुका अध्यक्षांचा राजीनामा असतो. वळणदार अक्षरात, समास सोडून लिहिलेला. 'पराभवाची नैतिक जबाबदारी स्वीकारून' वगैरे सगळं तयार. मोकळी असते ती फक्त तारखेची आणि सहीची जागा. पहिली पेटी उघडायच्याही आधी हा कागद तयार असतो. एकदा मी त्याला विचारलं, की समजा तुमचा पक्ष निवडून आला, तर? तो शांतपणे म्हणाला, "तेचो दुसरो कागद आसा." मतदारांचे आभार मानणारा तो दुसरा कागद त्याने फार वर्षांपूर्वी लिहिलाय. आता तो घडीवर फाटायला आलाय.

यात कुचेष्टा नाही हे आधीच सांगतो. हरलेल्या माणसाला अशा वेळी मजकूर सुचत नाही आणि सुचला तर रागाच्या भरात भलतंच काही लिहून बसतो, असं दत्तारामचं म्हणणं. सात अध्यक्षांचे सात राजीनामे त्याने लिहिले. सातही जणांनी न वाचता सह्या केल्या. ते सगळे कागद त्याच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत आहेत.

दत्ताराम पेडणे तालुक्यातल्या धारगळचा. मी तिथल्याच प्राथमिक शाळेत मास्तर, त्यामुळे आमची ओळख जुनी. तरुणपणी तो डिचोलीकडे एका खाणीवर हजेरी मांडायला होता. कोण किती वाजता आला, कोण गेला, कोणाची पाळी चुकली, हे वहीत लिहायचं काम. खाणीवरची नोकरी सुटली, वही सुटली नाही. गावात परतला आणि विरोधी पक्षाच्या तालुका समितीचा सेक्रेटरी झाला. गोवा घटक राज्य झालं त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. तेव्हापासून अध्यक्ष येत गेले, जात गेले, बहुतेक सत्तेकडेच गेले. सेक्रेटरी तोच राहिला.

त्याचं पालुपद एकच: "रेकॉर्डाक आसां दे." सभेला पाऊस पडला, रेकॉर्डाक आसां दे. सभेला कुणी आलं नाही, रेकॉर्डाक आसां दे. एकदा सभेला तो एकटाच होता. गणपूर्ती नसल्याने त्याने सभा अर्धा तास तहकूब केली, घड्याळ लावून देवळाच्या पायरीवर बसला, आणि अर्ध्या तासाने तहकूब सभा त्याच जागी पुन्हा सुरू केली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, असं पक्षाच्या घटनेत आहे म्हणे. त्या सभेत ऊसउत्पादकांबद्दल एक ठराव एकमताने मंजूर झाला.

भाषेच्या वादात सगळ्या गोव्यात डोकी तापली होती, तेव्हा या समितीतही दोन तट पडले. इतिवृत्त मराठीत लिहायचं की कोकणीत यावरून दोघे जण एकमेकांच्या अंगावर धावून गेले. दत्तारामने तोडगा काढला. इतिवृत्त तो मराठीत लिही आणि सभेत कोकणीतून वाचून दाखवी. एका तटाला वही दिसे, दुसऱ्याला आवाज ऐकू येई. पणजीहून पक्षाचं पत्रक इंग्रजीत यायचं ते तो कुणालाच दाखवत नसे.

पण त्याचं खरं वेड म्हणजे नोटीस. सभा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी चारला, देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरू उतरतात त्या ओवऱ्यांत. वर्षानुवर्षं यात बदल नाही. तरी प्रत्येक सभेची नोटीस तो हाताने लिही आणि घरोघर जाऊन देई. पोस्टात टाकली तर ती सत्ताधाऱ्यांना आधी कळते, हा त्याचा सिद्धांत. सत्ताधाऱ्यांना ती कळून काय करायचं होतं हे त्याने कधी सांगितलं नाही. सभा रद्द झाली तर रद्द झाल्याची नोटीस. पार पडली तर पार पडल्याची. प्रत्येक घरी तो बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर बसे, चहा घेई, घरातल्या म्हाताऱ्यांची चौकशी करी, आणि मग वही पुढे करून पोच घेई.

मी सरकारी नोकर, मला पक्षाशी कर्तव्य नाही आणि नसावंही. पण माझ्याकडेही नोटीस यायची, वर 'माहितीसाठी' असं लिहून. मी त्याला दहादा सांगितलं की दत्तारामबाब, माझी नोकरी घालवाल. त्यावर त्याचं उत्तर तयार असे: माहिती असणं हा गुन्हा आहे असं कुठल्या कायद्यात लिहिलंय ते दाखवा. माझी बायको मालती त्याला चहा देई आणि पोचही तीच सही करून देई. तो सुटीच्या दिवशी आला तर मी पुष्कळदा आतल्या खोलीत वह्या तपासत बसे आणि मास्तर घरात नाहीत असं तिला सांगायला लावी. माझी चप्पल दारात असे. ती त्याला दिसत असणारच, पण तो कधी बोलला नाही.

मग ती पंचायतीची निवडणूक आली. पंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, तरी कुठला उमेदवार कुणाचा हे गावात शेंबडं पोरही सांगतं. दत्तारामच्या पक्षाचे तेव्हाचे अध्यक्ष सगुणबाब, पेडणे-म्हापसा मार्गावर त्यांच्या दोन बसगाड्या. त्यांनी सगळ्या प्रभागांत माणसं उभी केली. मोजणीला दत्ताराम उमेदवारांचा प्रतिनिधी म्हणून टेबलाशी उभा होता. एकेका बाद मतासाठी तो असा भांडला की अधिकारी शेवटी चष्मा काढून डोळे चोळत बसला. शिक्का रेघेवर पडलाय की रेघेला टेकलाय यावर वीस मिनिटं गेली. ते मत दत्तारामने मिळवलं. उमेदवार मात्र पडला.

पडले ते सगळेच. एक तेवढा आला. त्या एकाला खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली. महामार्गावर येईपर्यंत ती दत्तारामच्या पक्षाची होती. तिठ्यावर सत्ताधाऱ्यांची जीप उभी होती. निवडून आलेला गडी खांद्यावरून उतरून जीपमध्ये बसला, आणि संध्याकाळी तो उपसरपंच होणार असल्याची बातमी आली. ढोल वाजवणाऱ्यांना कळेना की आता कुणाच्या मागून जायचं. दत्तारामने वही काढून वेळ लिहिली.

सगुणबाबांनी राजीनाम्यावर सही केली ती त्याच तिठ्यावर, बसच्या बोनेटवर कागद ठेवून. आठ दिवसांत तेही पलीकडे गेले. बसगाड्यांचे परवाने असतात, समजण्यासारखं आहे. जाताना समितीच्या खुर्च्या घेऊन गेले, कारण खुर्च्या त्यांच्या होत्या. कर्णाही त्यांचाच होता. त्यांच्यामागून उरलेसुरले चार जण गेले. पक्षाकडे राहिला रबरी शिक्का, वही आणि दत्ताराम.

आता पणजीहून पत्र आलं. या महिनाअखेर अध्यक्ष नेमला नाही तर पेडण्याची समिती बरखास्त करून म्हापशाला जोडली जाईल. म्हणजे मग सेक्रेटरीचं पदही गेलंच. दोन दिवसांनी पणजीचे एक पुढारी स्वतः गाडी घेऊन आले आणि सगळ्यांदेखत, चहाच्या दुकानात, दत्तारामला म्हणाले की तुम्हीच व्हा अध्यक्ष. इतकी वर्षं पक्ष तुम्हीच चालवलात. दुकानात बसलेल्यांनी, त्यात दोघे पलीकडच्या पक्षाचे होते, टाळ्या वाजवल्या.

दत्तारामने नको म्हटलं. विचार करतो नाही, घरी विचारतो नाही, नको. आणि उठून गेला.

मला हे दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं आणि मला राग आला. का आला हे आजही नीट सांगता येत नाही. त्या माणसाची मी वर्षानुवर्षं टिंगल केली होती, तरी त्याला एकदा काहीतरी मिळावं असं मला मनापासून वाटत होतं, हे त्या दिवशी माझं मलाच समजलं. शाळा सुटल्यावर मी सरळ त्याच्या घरी गेलो. वाट मला दोघांना विचारावी लागली.

घर काजूच्या बागेला लागून, कौलारू, अंगण सारवलेलं. मला दारात बघून दत्ताराम इतका गडबडला की उभ्याउभ्याच दोनदा "येवा, येवा" म्हणाला आणि बसायला सांगायचं विसरला. आत एकच खुर्ची होती. ती त्याने मला दिली आणि स्वतः पेटीवर बसला. मग उठून चहा करायला गेला. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. शेवटी मला कपात आणि स्वतःला पाण्याच्या पेल्यात चहा घेऊन आला. दुसरा कप कुठेतरी आहे, आईच्या वेळचा, पण सापडत नाही, असं म्हणाला.

मी चिडूनच विचारलं की पद का नाकारलं. आता म्हापशाला जोडतील, मग काय करणार?

त्यावर तो पेटीवरून उठला, पेटी उघडली आणि सर्वांत तळाचा कागद काढला. पहिल्या अध्यक्षांचा, नारायणबाबांचा राजीनामा. नारायणबाब भाटकार आता ऐंशीच्या पुढचे, अंथरुणाला खिळलेले. दत्तारामने मला समजावून सांगितलं: हा राजीनामा ज्या सभेत मंजूर व्हायचा होता, तिला गणपूर्ती नव्हती. तहकूब सभा घ्यायची तेव्हा जोराचा पाऊस आला आणि ती राहूनच गेली. म्हणजे राजीनामा कधी मंजूर झालाच नाही. म्हणजे नारायणबाब आजही अध्यक्ष आहेत, आणि मधले सहा जण, रेकॉर्डाप्रमाणे, कुणीच नव्हते. सकाळीच तो जाऊन नारायणबाबांना हे सांगून आला होता. त्यांना आनंद झाला. राजीनामा दिल्याचं त्यांना आठवतच नव्हतं. पणजीला पत्रही गेलं होतं.

मी हसलो. हसणं भागच होतं. पण मग म्हटलं, इतकी खटपट करण्यापेक्षा स्वतः झाला असतात तर? तुमच्याइतका हक्क कुणाचा आहे?

त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "मास्तरांनू, अध्यक्ष घरात बसता. लोक तेच्याकडे येतत. सेक्रेटरी लोकांकडे जाता."

"मग?"

"माझ्याकडे कोण येतलो? आवय गेली तेच्यानंतर ह्या घरात मानूस म्हनान इलास ते तुमी." हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. कोण किती वाजता आला हे सांगावं तसं सांगितलं. "नोटीस घेवन गेलंय की लोक बस म्हनतत. चाय दितत. तसोच खाली हातान गेलंय तर काय म्हनान जावचा?"

आतल्या खोलीत वह्या तपासत बसलेला मी मला दिसत होतो. मला लाज वाटली. मालतीने त्याला दिलेल्या चहांचा हिशेब माझ्याकडे नव्हता, पण तो माझ्या घरी किती वेळा आला आणि मी त्याच्याकडे किती वेळा गेलो हा हिशेब सोपा होता.

निघताना खुर्चीशेजारच्या मेजावर नोटिसांची चळत दिसली. पुढल्या रविवारच्या सभेच्या, ताज्या शाईतल्या. सर्वांत वरची माझीच होती, 'माहितीसाठी'. काहीतरी करावं म्हणून मी ती उचलली आणि म्हटलं, आणा वही, पोच देतो, तुमची एक खेप वाचेल.

त्याने ती माझ्या हातातून हळूच काढून घेतली.

"हय नको," तो म्हणाला. "हय दिली तर माझी एक फेरी गेली. उद्या सकाळी घरा येतलंय."

तो दहाच्या सुमाराला येतो हे मालतीने सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज टाकला, कारण 'घरगुती काम' असं लिहिलं, आणि साडेनऊपासून बलकांवात बसून राहिलो.