आप्पांच्या वावराचं वय

दौलतआप्पांना कुणी 'बरं आहे ना?' विचारू नये. ते थेट विद्यापीठावर घसरतात. "भामटा शेतस बठ्ठा! मन्हा वावरनं वय सांगतस म्हने! तीन वरीस व्हयनात!"

नोकरीनिमित्त मी प्रकाशा गावी आलो आणि आप्पा व त्यांची बायको कमलजिजी यांचा शेजारी झालो. आप्पांचं वावर तापीपासून बरंच वर, आणि सगळं गोल गोट्यांनी भरलेलं. गाव त्याला बरड म्हणून हिणवतं. आप्पा खवळतात. "गोटा गोल कसा व्हस? नदी घासस तव्हय! म्हंजे नदी आठे व्हती!" हे त्यांनी तलाठ्याला ऐकवलंय, डॉक्टरला ऐकवलंय, बाशिंग बांधलेल्या नवरदेवालाही सोडलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी विद्यापीठातली पोरं वावराचं वय काढायला आली, तेव्हा आप्पांना आकाश ठेंगणं झालं. पोरांनी बांधाखालच्या उभ्या कड्यात दोन लोखंडी पाईप ठोकले, रेतीनं भरलेले ते पाईप झाकणं लावून काळ्या प्लास्टिकात गुंडाळले, दिवसभर आप्पांच्या ओट्यावर ठेवले आणि संध्याकाळी नेले. पुढे चकार शब्द नाही.

यंदा माझंच डोकं फिरलं. भोळ्या माणसाला असं झुलवत ठेवायचं म्हणजे काय! आप्पांच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला नंबर लावला आणि तोंड सोडलं.

पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, आप्पांना आम्ही तेव्हाच कळवलंय. रेतीनं शेवटचं ऊन कधी पाहिलं, त्यावरून आम्ही वय काढतो. ती रेती तर कालच ऊन खाऊन आलेली निघाली. कुणीतरी पाईप उघडून वाळवली होती. पुन्हा यावं म्हटलं, तर तो कडा रस्त्याच्या भरावात गेलेला."

मी तरातरा आप्पांकडे गेलो. "तीन वर्षं उगाच शिव्या घालताय त्यांना?"

आप्पांनी मला दंडाला धरून गोठ्यामागे नेलं. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"कमलनी वाळाडी ती रेती. वल्ली शे, खराब व्हई जाई, असं वाटनं तिले. परत भरीसन झाकन लाई दिन्हं. पोऱ्यासनं काम सोपं करं, म्हने. तिले सांगू नका, भाऊ. जनमभर तिन्हा जीवले लागी."

तेवढ्यात कमलजिजी चहा घेऊन आल्या. भिंतीवरचा नंबर मी उतरवून नेला, ते त्यांनी पाहिलं असणारच.

"भाऊ, फोन लाया ना तुम्ही? वय समजनं का?"

आप्पा म्हशीच्या दाव्याची गाठ उगाच तपासू लागले.

मी कप घेतला. "फोनच उचलत नाहीत, जिजी," मी म्हणालो. "माजलेत लेकाचे."