बिनबिल्ल्याची गाय

दगडूआप्पा मोबाइलवर गेम खेळायला बसले, की आधी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवत. गेम शेतीचा होता. बोट लावलं की नांगरट, बोट लावलं की पेरणी, आणि चहा उकळेपर्यंत गहू कापणीला. वहाणांचं मी एकदा विचारलं, तर त्यांनी असं बघितलं की जणू मीच काही वावगं बोललो. "खळ्यावर वहाणा घालून जात्यात का बे? माल पडलाय हितं." त्या वर्षी पंचक्रोशीत कुणाच्याच खळ्यावर दाणा नव्हता. रास पडली होती ती फक्त आप्पांच्या मोबाइलमध्ये, आणि तिचा मान ते राखत होते.

हे सगळं चारा छावणीतलं. विहिरी आटल्या तेव्हा आमच्या दूध संस्थेनं धारूरच्या डोंगराखाली, माळावर छावणी उघडली. जनावरं दावणीला आणि माणसं जनावरांपाशी. मी संस्थेचा सेक्रेटरी, म्हणून हजेरी माझ्याकडे. रोज संध्याकाळी प्रत्येक जनावराच्या कानातला पिवळा बिल्ला ॲपमध्ये स्कॅन करायचा. ॲपनं 'हजर' म्हटलं, तरच त्या जनावराला चारा. बाकी दिवसभर माणसांना काम नाही, आणि रिकाम्या माणसाच्या हाती मोबाइल आला की काय होतं ते मी सांगायला नको.

आप्पांचं मात्र नुसतं खेळून भागत नसे. त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं. मांडवात टीव्ही लावला होता, त्यावर बातम्या देणारा तावातावानं ओरडू लागला की आप्पा शेजाऱ्याला विचारत, "ह्यो कुणावर वरडतोय? म्होरं तर आमीच बसलाव. आमी काय केलंय त्याचं?" मोबाइलनं 'अंशतः ढगाळ' दाखवलं की ते बाहेर जाऊन, कपाळावर हात धरून सगळं आभाळ तपासत. "येक बी ढग न्हाई. त्यो कुठल्या गावचं सांगतोय ते इचार त्याला." पोरांच्या बंदुकीच्या गेमवर त्यांचा विशेष राग. "मेलेला परत उठतोय! मग मारायची दगदग कावून करायची?"

स्वतःच्या गेमलाही ते सोडत नसत. "रान लई झ्याक हाय, पण मालक येडा हाय. समदीकडं गहूच. ज्वारी पेरायचं बटनच न्हाई. मग जनावरांना कडबा कुठनं घालणार?" कंपनीला फोन लाव म्हणून ते माझ्या मागे लागले. नंबर नाही म्हटलं, तर म्हणाले, "मग संस्थेचा ठराव धाड." मासिक सभेत ऐनवेळच्या विषयांत त्यांनी तो मांडलाच, आणि एकानं अनुमोदनही दिलं.

छावणीत आप्पांची एकच गाय होती, कपिली. म्हातारी, भाकड, एक शिंग मोडलेलं. खरं तर ती त्यांच्या बायकोची, अनसूयाकाकूंची. काकूंनी माहेराहून आणलेल्या गाईच्या पोटची. त्या वर्षी सून बाळंतपणाला गेली, आणि ऊसतोडीच्या टोळीत जोडीशिवाय घेत नाहीत, म्हणून मुलाच्या जोडीला काकूच गेल्या. साठीला टेकलेली बाई, मोळ्या बांधायला! गाडीत चढताना त्यांनी आप्पांना एवढंच बजावलं होतं, "मी येईस्तोवर कपिलीला जगवा." हे साऱ्या छावणीला ठाऊक होतं.

एका संध्याकाळी हजेरी घेताना पाहतो तर कपिलीच्या कानात बिल्ला नाही. खांबाला कान घासून घासून तिनं तो तोडला होता. मी बरीच खटपट केली, पण ॲप 'गैरहजर' वरून हलेना. नवा बिल्ला तालुक्याहून यायचा, आणि तोवर तिचा चारा बंद.

"गैरहजर? ही काय हुबी हाय म्होरं!"

"आप्पा, मला दिसतेय. त्याला दिसत नाही."

"आरं, माझ्या गेमातल्या गाया बिनबिल्ल्याच्याच हायत्या. खोट्या हायत्या, तरी त्यांना रोज चारा पडतोय. अन् ही खरी हाय तर हिला न्हाई?"

मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "सेक्रेटरी, माझ्या कानात बिल्ला मार. हजेरी माझी लाव, चारा तिला टाक."

एरवी त्यांच्या प्रत्येक वाक्याला हसणारी माणसं त्या वेळी हसली नाहीत. कुणी न सांगताच दुसऱ्या दिवशी शेजारच्या दावणीवरून उसाचं वाढं आलं, पलीकडच्या दावणीवरून थोडी पेंड आली, आणि मग येतच राहिलं. ॲपच्या लेखी गैरहजर असलेली गाय छावणीत सगळ्यांत जास्त खाऊ लागली.

पण कपिलीचा चारा तोडल्याची बातमी कुणीतरी उसाच्या फडावर पोचवली. लगेच मुलाच्या मोबाइलवरून काकूंचा फोन आला, तोही व्हिडिओचा. आप्पांना तो घेता येईना, म्हणून मी लावून दिला. आप्पांनी कॅमेरा थेट कपिलीवर रोखला. "बघ, खातीया. पोट बघ. ह्यो कान, जखम वाळली." असं करत त्यांनी तोंडापासून शेपटीपर्यंत गाय दाखवली. पलीकडे काकू पाचटात उभ्या होत्या. चेहरा उन्हानं रापलेला, डोक्याला फडकं बांधलेलं. त्या नुसतं "हां, हां" म्हणत होत्या.

मग म्हणाल्या, "आवं, गाय बघितली. आता तुमी दिसा की जरा."

आप्पा गडबडले. मोबाइल माझ्या हातात कोंबून त्यांनी टोपी सारखी केली, सदऱ्यावरचं भुसकट झटकलं आणि गाईच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मी कॅमेरा फिरवून मोबाइल त्यांच्यासमोर धरला. दोघंही एकमेकांकडे बघत राहिली.

"लई वाळलाव वं तुमी," काकू म्हणाल्या.

आप्पांनी तोंड गाईच्या पाठीकडे वळवलं. "बंद कर रं," मला म्हणाले, "बॅटरी उतरती."

बॅटरी भरलेली होती. मी मोबाइल तसाच धरून ठेवला.