डोमाजी भाऊंच्या दोन खुंट्या

डोमाजी भाऊ लांजेवार यांच्यावर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगते: धुळवडीच्या दिवशी, सकाळी साडेनऊ वाजता, कुरखेड्याच्या बस स्टँडवर. कोणी केला हे पत्रकात शेवटच्या परिच्छेदात, मोठ्या अक्षरांत सांगायची पद्धत असते. मी इथेच सांगून टाकते. मी केला. सायक्लोस्टाईल करून केला, आणि वर स्वतःच्या हातानं वाटला.

ज्यांनी डोमाजी भाऊंना पाहिलेलं नाही, त्यांना आधी त्यांच्या वसरीवरच्या, म्हणजे ओसरीवरच्या, दोन खुंट्या दाखवायला हव्यात. कुरखेड्याहून एसटीनं पाऊण तासावर त्यांचं गाव. घराच्या वसरीच्या भिंतीत सागाच्या दोन खुंट्या, एक वर, एक खाली. वरची रायफलची, खालची बारा बोअरची, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीची. घरात बंदूक एकही नाही. कधी नव्हतीच. वरच्या खुंटीला छत्री असते आणि खालच्या खुंटीला बाजाराची पिशवी. कोणी पाहुण्यानं चुकून छत्री खाली अडकवली, तर भाऊ जेवणावरून उठून ती वर लावतात.

"छत्री लंबी हाये, टोकदार हाये. तिची जागा वर. पिशवीत सगळं भरते, सगळं सांडते. ते बारा बोअर."

तरुणपणी डोमाजी भाऊ शिकारी साहेबांच्या मागून चालत. उजव्या खांद्यावर रायफल, डाव्या खांद्यावर बारा बोअर. समोर हरीण दिसलं की साहेब मागं न बघता नुसता हात मागं करायचे. त्या हातात काय ठेवायचं, ते भाऊ ठरवायचे.

"शिकार मीच कराचो," भाऊ सांगतात. "ऱ्हायलं काय, घोडा दाबाचा? थो तं माकड बी दाबन."

पुढे कायदा आला, शिकार बंद झाली. साहेब गेले, बंदुका गेल्या. प्रश्न तेवढा भाऊंच्या खांद्यावर राहिला: हरणाला रायफल का बारा बोअर? वय सत्तरीला टेकलं तरी सुटलेला नाही. आणि जग त्यांनी या प्रश्नाच्या दोन बाजूंना वाटून टाकलं आहे. शाळेचे हेडमास्तर रायफल: एकच बोलतात, पण लागतं. सरपंच बारा बोअर: सगळ्यांना थोडं थोडं, पुरतं कोणालाच नाही. सकाळच्या एसटीचा ड्रायव्हर रायफल, संध्याकाळचा बारा बोअर. वांग्याची भाजी बारा बोअर. लाखोळीची डाळ रायफल. का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

मला पाहिल्यावर मात्र ते जरा थांबले. मी तेव्हा चंद्रपूरच्या कॉलेजातून नुकतीच परत आलेली, खांद्यावर शबनम, शबनममध्ये पत्रकं. आमची समिती जंगल वाचवायला निघालेली. मी वसरीवर उभी राहून त्यांना कायद्याचं कलम ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, आणि मग बायकोला हाक मारली, "भागाबाई, बाहेर ये वं. आपल्या घरी भरमार आली."

भरमार म्हणजे तोंडातून दारू ठासायची जुनी गावठी बंदूक. भाऊ मला समजावून म्हणाले, "राग नोको मानू पोरी. भराले टाईम लागते, धूर भल्ला, आवाज भल्ला. आन गोळी कुठी जाईन, ते तुले बी मालूम नाई."

मी राग मानला. वहीच काढली.

कारण डोमाजी भाऊंच्या वसरीवर काय चालतं, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. कायदा आला तरी हरणं मारणारे संपले नव्हते. आणि त्यांच्यात एक रीत पडली होती: हरणं पाण्याला येतात त्या तलावावर जायच्या आधी डोमाजी भाऊंना बंदूक दाखवायची, त्यांचा हात दस्त्याला लावून घ्यायचा. हात लागला नाही तर नेम लागत नाही, असा पक्का समज. चोरटे शिकारी दिवसाढवळ्या एका म्हाताऱ्याच्या घरी बंदुकीला हात लावून घ्यायला येतात, आणि तो त्यांना सल्ला देतो! माझं रक्त उकळलं. थंडीचे दोन महिने मी दर आठवड्याला जाऊन वसरीच्या कोपऱ्यात बसले आणि शब्द न् शब्द टिपला. पुरावा म्हणून.

त्यातला एक दिवस सांगते. चार वाजता जीप आली. त्यातून एका लाकूड कंत्राटदाराचा भाचा उतरला. डोळ्यांवर गॉगल, अंगाला सेंट, हातात कोरी करकरीत रायफल.

"डोमाजी भाऊ, हात लावून द्या. तलावावर जाऊन राह्यलो."

"काय मारतं?"

"चितळ."

"चितळाले रायफल?" भाऊंनी कपाळाला हात लावला. "बस. चितळ उभं कुठी राहीन?"

"पान्यावर."

"आन चितळाच्या मागं?"

"मागं काय? जंगल."

"त्या जंगलातून टोलीच्या वस्तीवरच्या बाया काड्या घेऊन येतेत. रायफलची गोळी चितळापाशी थांबत नाई बाप्पा. ते सरकारी चिठ्ठीवानी हाये, लंबी जाते, पन कोनाले भेटन काही भरोसा नाई. चितळातून निंगन आन गंगूबाईच्या मोळीत बसन. मग तुले गंगूबाई सोडन? मी ओळखतो तिले."

भाचा जरा वरमला. "मंग बारा बोअर आनतो. जीपमंधी हाये."

"आन नं! पन बारा बोअरले जवळ जा लागते. चाळीस पावलं. चितळाच्या चाळीस पावलांत तू जाशीन? तुया सेंट बल्लारपूरपासून येऊन राह्यला."

"मंग लांबूनच मारतो."

"लांबून छर्रा मंजे लग्नातल्या अक्षता. सगळ्याइले लागते, मरत कोनीच नाई. जनावर जखमी होऊन पळते. मंग त्याच्या मागं जाशीन? दोन दिवस, काट्याकुट्यातून?"

"नाई... मंग रायफलच बरी."

"बरी हाये. पन गंगूबाई?"

असं गोल गोल. मी भराभर लिहीत होते: 'रायफल बरी आहे असे स्पष्ट सांगितले.' 'चाळीस पावलांचे अंतर शिकवले.' भागाबाई आतून म्हणाल्या, "चहा ठेवला हाये, बसा." पाच वाजले. कुरखेड्याची शेवटची एसटी पाचला सुटते. मी वही मिटली आणि पळाले. दर वेळी अशीच पळत होते.

मग धुळवड आली. पत्रकाचा मथळा माझाच होता: 'हरणांच्या रक्ताचा शिक्षक कोण?' खाली उत्तर, नाव, गाव आणि वहीतली वाक्यं, तारखेनिशी. बस स्टँडवर जे भेटले ते रंगात भिजलेले होते, त्यामुळे पत्रकं चिकटून तालुकाभर गेली. कुणाच्या पाठीला, कुणाच्या सायकलला, एक तर थेट एसटीच्या मागच्या काचेला. इतका प्रसार आमच्या कुठल्याही पत्रकाचा झाला नव्हता. मी खूश होते.

तिसऱ्या दिवशी भाऊंना वनखात्याकडून चौकशीला बोलावणं आलं. बोलावणाऱ्या साहेबांनी एकच चूक केली. त्यांनी विचारलं, "तुम्ही शिकाऱ्यांना नेमकी कोणती बंदूक वापरायला सांगता?" भाऊंनी सकाळी अकराला उत्तर द्यायला सुरुवात केली. जेवणाची सुट्टी झाली, उत्तर झालं नाही. तीन वाजता साहेबांनी शिपायाला सांगितलं म्हणतात, "याले एसटीत बसवून दे, आन एसटी सुटेपर्यंत तिथंच उभा राह्य." वर कागदावर शेरा मारला की संबंधित इसमाचे या विषयात निश्चित मत नाही.

गाव हसलं. पण वसरी ओस पडली. पत्रकात लिहिलं होतं की तिथं बसणारा प्रत्येक जण गुन्ह्याचा भागीदार. माझंच वाक्य, आणि बऱ्यापैकी जोरदार. हेडमास्तर बसायचे बंद झाले. सरपंच रस्ता बदलून जाऊ लागले. बंदुकवाले तर साहजिकच फिरकेनात. आम्ही समितीच्या बैठकीत याची नोंद 'यश' म्हणून केली.

मोहफुलं गळायला लागली तेव्हा बातमी आली. तलावावर चितळ मारलं. चार दिवसांनी दुसरं. दोन्ही माद्या. दुसरीचं पाडस तलावाच्या बांधावर उभं सापडलं. हाकललं तरी जाईना.

मी पेटून उठले. नवं पत्रक डोक्यात तयारच होतं. फक्त भाऊंच्या तोंडून एखादं वाक्य हवं होतं, म्हणून दुपारच्या एसटीनं गेले.

भाऊ वसरीवर एकटे बसले होते. मी चढल्या चढल्या म्हटलं, "पाह्यलं भाऊ, तुमच्या चेल्यांनी काय केलं?"

त्यांनी मला भरमार म्हटलं नाही. धूर, आवाज काही काढलं नाही. मी थोडी गोंधळले आणि भिंतीकडे पाहिलं. छत्री खालच्या खुंटीला होती. भाऊ तिच्याकडेच पाहत बसले होते, आणि उठत नव्हते.

मग त्यांनी विचारलं, "दुसरीले कशानं मारलं? रायफल का बारा बोअर?" ही वादाची सुरुवात नव्हती. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"छर्रे होते म्हणतात," मी म्हटलं. "लांबून मारले. बरीच पळाली ती. पाण्यापासून दूर, पळसात जाऊन पडली."

भाऊ उठले, पायांत वहाणा घातल्या आणि तलावाच्या दिशेनं चालू लागले. छत्री तिथंच.

आतून भागाबाई आल्या. पदराला हात पुसत माझ्यासमोर बसल्या.

"वही आनली का?"

"आणली."

"मंग पाह्य तिच्यात. याच्या वसरीवरून उठून कोनी हरीन मारलं, असं एक तरी लिवलं हाये का?"

मी वही उघडली. पानं उलटली. रायफल, बारा बोअर, चाळीस पावलं, गंगूबाई. सगळं होतं. हरीण एकही नव्हतं.

"तू पाचच्या एसटीनं जात होती," भागाबाई म्हणाल्या. "पाचच्या पुढं काय होते ते तुले काय मालूम? पाचले मी चहा देतो. साडेपाचले पोहे. मंग दिवस बुडते. मंग हे म्हनतेत, आता अंधार झाला बाप्पा, अंधारात ना रायफल, ना बारा बोअर, घरी जा, उद्या ठरवू. आन कोनी लाईट लावून मारतो म्हनलं, तं म्हनतेत, झोपलेल्याच्या खिशातून बिडी काढनाऱ्याच्या बंदुकीले मी हात लावत नाई. शरमून जातेत घरी. त्या जीपवाल्याले तं चार वेळा पोहे चारले मी. दरवेळी म्हने, मामी, पोहे भल्ले मस्त, आन जाये निंगून."

"पण ही हात लावायची रीत..."

"कोनं काढली थे रीत?" भागाबाई हसल्या. "माह्या नवऱ्यानं. साहेबलोक गेल्यावर. आधी कुठी होती?"

मला विचारावं लागलं नाही. त्यांनीच पुढे सांगितलं. साहेबांच्या काळात एकदा संध्याकाळी हात मागं आला आणि भाऊंनी त्या हातात बारा बोअर ठेवली. हरणाची मादी लांब होती. द्यायला हवी होती रायफल, किंवा काहीच नको होतं. छर्रे लागले, ती पळाली. साहेब मुक्कामावर गेले, चहा प्यायले. भाऊ रक्ताच्या मागावर दोन दिवस चालले. सापडली तेव्हा ती उभी होती आणि पाडस तिला ढुसण्या देत होतं.

"तवापासून इचारून राह्यला," भागाबाई म्हणाल्या, "रायफल का बारा बोअर. मले तं वाटते, त्याले उत्तर कधीचं सापडलं हाये. सांगत नाई. सांगतलं तं लोक उठून जातीन नं."

मी वही शबनममध्ये ठेवली. पाचची एसटी गावाबाहेर हॉर्न वाजवून गेली. मी बसून राहिले. दोन महिने तिथं जात होते, आणि त्या वसरीवरून दिवस बुडताना पहिल्यांदाच पाहिला.

सातच्या सुमारास भाऊ परतले. धोतराला काटे लागले होते. मला अजून तिथंच बघून दचकले.

"काऊन वं, गाडी चुकली?"

"नाही. सोडली."

ते खाली बसले. धोतराचे काटे काढू लागले. मला माफी मागायची होती, पण माझ्याजवळ जे शब्द होते ते सगळे पत्रकातले. शेवटी मी उठून छत्री वरच्या खुंटीला लावली आणि म्हटलं, "भाऊ, एक सांगा. चितळाले रायफल बरी का बारा बोअर?"

त्यांनी आधी छत्रीकडे पाहिलं. मग आत ओरडले, "भागाबाई, पोहे टाक. भरमार राह्यली हाये." आणि माझ्याकडे वळून, "बस. चितळ उभं कुठी राहीन?"

आता वाचकांना माझं सांगणं आहे, आणि विनंती म्हणून नव्हे. धुळवडीचं ते पत्रक ज्यांच्याकडे असेल, त्यांनी ते फाडावं. एसटीच्या काचेवरचं मी स्वतः खरवडून काढलं आहे. हेडमास्तर, तुम्ही परत वसरीवर बसा. सरपंच, तुम्ही रस्ता सरळ करा. तलावाचं पाणी उन्हाळाभर उतरत जाईल आणि हरणं रोज संध्याकाळी तिथंच येतील. तेव्हा ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांनी, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनीही, रोज कोणी ना कोणी, चार वाजता डोमाजी भाऊंकडे जायचं. आपली छत्री मुद्दाम खालच्या खुंटीला अडकवायची. ते उठून ती वर लावतील, मग प्रश्न विचारायचा. उत्तर मिळू द्यायचं नाही. आणि पाचच्या एसटीनं परत यायचं नाही.