फाटकातली पाचवी बस

"चार कशाला साहेब, पाच पाठवायला सांगा," टेपताई म्हणाली.

डेपो मॅनेजरसाहेबांनी फोन छातीशी दाबून धरला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. फोनवर पलीकडच्या डेपोचे साहेब होते. त्यांच्या डेपोची फरशी उखडून काढली होती, आणि दुपारच्या दोन-अडीच तासांपुरती चार बसना जागा हवी होती. साहेब नाही म्हणण्याच्या बेतात होते. इथे आपल्याच अडतीस बस दुपारी विश्रांतीला येतात आणि कानाला कान लावून उभ्या राहतात, पाहुण्यांना कुठे बसवणार?

"पाच मावतील?" साहेबांनी विचारलं.

"बारा सेंटिमीटर उरतील," टेपताई म्हणाली.

तिला टेपताई का म्हणत, हे वेगळं सांगायला नको. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती सहा महिन्यांपूर्वी या डेपोत सहायक निरीक्षक म्हणून आली, ती खिशात पाच मीटरची टेप घेऊनच. पहिल्या आठवड्यात तिने डेपो मोजला, दुसऱ्या आठवड्यात बस मोजल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात तिने फाटक मोजलं तेव्हा वॉचमनने आपल्या खुर्चीखालून पाय काढून घेतले, न जाणो, तेही वहीत जायचे. नोकरी सहा महिन्यांच्या कच्च्या बोलीवर होती. आज ते सहा महिने संपत होते. कायम केल्याचं पत्र मुख्य कचेरीतून यायचं होतं, ते अजून आलेलं नव्हतं. आणि आलं तरी साहेब त्यावर उलटा शेरा मारून परत पाठवू शकत होते. तसं झालं तर टेपताईला पुन्हा शिकवणीच्या वर्गात जाऊन दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते सांगत बसावं लागणार होतं. त्यातून तिच्यासाठी शब्द टाकला होता तिच्या सख्ख्या मामाने, जो याच डेपोत चोवीस वर्षं बस चालवत होता आणि ज्याने आयुष्यात दुसऱ्या कुणासाठी कधी शब्द टाकला नव्हता. म्हणून आज, शेवटच्या दिवशी, साहेबांच्या डोळ्यांत भरेल असं काहीतरी करून दाखवणं भाग होतं.

डेपो जुना होता. आधी तिथे ट्रामच्या घोड्यांचा तबेला होता, मग विजेच्या ट्रामची शेड झाली, मग ट्राम गेल्या आणि बस आल्या. खांब मात्र ट्रामच्या वेळचेच, त्यामुळे ओळीही ट्रामच्या मापाच्या. सहा ओळींपैकी एकीत धुलाई, एकीत दुरुस्तीचा खड्डा. उरलेल्या चार ओळींत एकामागे एक बस लागत, तोंड फाटकाकडे. पुढची हलल्याशिवाय मागची हलत नाही, आणि फाटक एकच. या चार ओळींची तोंडं आणि फाटक यांच्यामध्ये एका बसच्या लांबीची मोकळी पट्टी होती. तिथे कुणी काही उभं करत नसे, सायकलसुद्धा नाही. डेपोत बस आत-बाहेर लावायचं काम आप्पांचं. तिने त्यांना एकदा विचारलं होतं, की ही एवढी जागा वाया का घालवायची? आप्पा म्हणाले, आजवर घातली आहे म्हणून. यावर टेपताईने वहीत 'कारण अज्ञात' असं लिहून ठेवलं.

आणि आज आप्पा रजेवर होते. अक्कलदाढ काढायला गेले होते.

टेपताईची योजना कागदावर निर्दोष होती. पाहुण्या बस साडेतीनला निघणार, आपल्या चारला. म्हणजे पाहुण्या पुढे. चार ओळींच्या तोंडाशी त्या पट्टीत चार, आणि पाचवी थेट फाटकाच्या कमानीत. जी आधी जाणार ती पुढे, इतकं सोपं. शिवाय आपल्या अडतीस बसही तिने निघायच्या वेळेनुसार लावायला लावल्या होत्या. साहेब खूश झाले, आणि पलीकडच्या साहेबांना त्यांनी पाच पाठवायला सांगितलं, तेही अशा आवाजात, की जणू टेप त्यांचीच होती.

एक वाजता पाहुण्या आल्या. टेपताई स्वतः हात दाखवत मागे-पुढे पळत होती. पाचव्या बसचा ड्रायव्हर फाटकात बस घालताना एवढा घामाघूम झाला, की खाली उतरल्यावर तो आधी दोन्ही बाजूंचे आरसे शाबूत आहेत का ते पाहून आला. बारा सेंटिमीटरच उरले होते. पाचही जणांनी रजिस्टरमध्ये सह्या केल्या, तिचं कौतुक केलं आणि जेवायला आपल्या डेपोत निघून गेले. मोठ्या रस्त्यावर जाऊन त्यांनी मिळेल ती बस धरली. टेपताईने त्यांची जायची वेळही लिहिली. एक वाजून अठरा मिनिटं.

साडेतीन वाजले. कुणी आलं नाही. तीन पस्तीसला ती फाटकातल्या बसमध्ये चढून ड्रायव्हरच्या जागेपाशी गेली आणि तिने किल्लीसाठी वर पाहिलं.

या डेपोत बसची किल्ली बसमध्येच राहते. आरशाच्या खिळ्याला टांगलेली. कोण नेणार बस? आणि कुठे? पलीकडच्या डेपोत मात्र रीत वेगळी होती. तिथे ड्रायव्हरने उतरल्यावर किल्ली काढायची, आपल्या डेपोच्या कारकुनाकडे जमा करायची आणि पुढच्या ड्युटीला सही करून परत घ्यायची. पाचही खिळे रिकामे होते.

तिने पलीकडच्या डेपोला फोन लावला. तिथला कारकून फार शांत माणूस होता. किल्ल्या? हो, पाचही माझ्यासमोर हुकाला आहेत. ड्रायव्हर? तेही इथेच आहेत, तीनपासून तयार बसलेत. मग येत का नाहीत? येतील की, स्टाफच्या गाडीने येतील.

"आणि स्टाफची गाडी कधी निघते?"

पलीकडे रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ आला.

"ती तुमच्याकडेच आहे," कारकून म्हणाला. "पाचांतली शेवटची. तुम्ही फाटकात लावलीय म्हणे."

टेपताईने डोळे मिटले. मग म्हणाली, नेहमीच्या बसने पाठवा. कारकुनाने वेळापत्रक पाहिलं. त्या रस्त्यावरची पुढची बस चारची, पण ती इथून नाही, तुमच्याच डेपोतून सुटते. ती इथे आली, की तिच्यात बसून येतील. ती चारची बस म्हणजे मामाची बस होती, आणि मामाची बस पहिल्या ओळीत, पाहुण्या बसच्या पाठीला नाक लावून उभी होती. रिक्षाने पाठवा म्हटलं तर ते नियमात बसत नव्हतं. पूर्वी एकदा किल्ल्यांचा जुडगा रिक्षात राहिला होता आणि त्यानंतर परिपत्रक निघालं होतं. परिपत्रकाचा क्रमांकही कारकुनाने सांगितला. आणि सवयीने टेपताईने तो लिहूनही घेतला.

ती धावत मेस्त्रींकडे गेली. मेस्त्री खड्ड्यात उभे राहून एका बसच्या पोटाखाली काहीतरी आवळत होते. ते विचारलं तेवढ्यालाच उत्तर देत.

"मेस्त्री, त्या बस किल्लीशिवाय चालू होतील?"

"नाही."

"ढकलून हलतील?"

"नाही. ब्रेकला हवा लागते. इंजिन चालू झाल्याशिवाय ब्रेक सुटत नाही."

"वायर जोडून वगैरे?"

"वायर तोडली तर चौकशी लागते," मेस्त्री म्हणाले आणि पुन्हा वर पाहून आवळू लागले.

तीन पन्नासला ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी डब्यांच्या पिशव्या घेऊन पट्टीशी जमली. बातमी सगळ्यांना कळली होती. मामा गर्दीतून तिच्यापाशी आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त हळूच म्हणाला, "तुझ्या आईला मी काय सांगू, ते तेवढं ठरवून ठेव." कुणीतरी म्हणालं, आज आपण सगळे चालतच जाऊ आणि थांब्याथांब्यावर तिकिटं फाडू. दुसरा म्हणाला, तिकिटं कशाला, लोकांना खांद्यावर घेऊ. टेपताईला वाटलं, बारा सेंटिमीटरच्या त्या फटीत आपण उभं राहावं आणि कुणी बोलावलं तरी बाहेर येऊ नये.

नेमके तेव्हाच साहेब बाहेर आले.

साहेबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी पाहिलं, ते एवढंच, की सगळा स्टाफ या मुलीभोवती गोळा झाला आहे आणि मुलगी लाजेने लाल झाली आहे. त्यांना भरून आलं. जुन्या डेपोचा त्यांना अभिमान होता, आणि त्यावर बोलायची संधी त्यांना वर्षातून एकदाच, तीही निरोपसमारंभाला मिळत असे. ते पायरीवर चढले आणि त्यांनी सुरुवातच केली घोड्यांपासून. तबेल्यात एकशे वीस घोडे कसे होते, ते पहाटे कोणत्या क्रमाने बाहेर पडत, पुढे विजेच्या ट्राम आल्या तेव्हा बेकार झालेल्या मोतद्दारांनाच ट्राम चालवायला कसं शिकवलं, पहिली बस आली तेव्हा तिचं छत कमानीला लागून कसं खरवडलं आणि मग जमीनच एक हात खाली कशी खणली. टेपताईने दोनदा "साहेब, एक मिनिट," म्हटलं. साहेबांनी दोन्ही वेळा तिला प्रेमाने गप्प केलं. इतक्या वर्षांत, ते म्हणाले, या जागेचा इंच न् इंच वापरणारी ही पहिलीच. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, चार वाजले होते, आणि ट्रामच्या काळातल्या मुकादमासारखा हात वर करून ते म्हणाले, "चला, सोडा गाड्या."

काहीही हललं नाही. एक कंडक्टर खोकला.

पुढची दोन मिनिटं साहेबांना सगळं समजावून सांगण्यात गेली. टेपताईने काही लपवलं नाही. कारकून, किल्ल्या, स्टाफची गाडी, परिपत्रक, सगळं क्रमाने सांगितलं. जसजसं ती सांगत गेली, तसतसे साहेब एकेक पायरी खाली उतरत गेले. शेवटी जमिनीवर आल्यावर ते फक्त एवढंच म्हणाले, की पत्र यायचं होतं ना तुझं, ते येऊ दे. आणि ते कसं म्हणाले, ते आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं.

शेवटचा उपाय म्हणून तिने आप्पांना फोन लावला. फोन त्यांच्या बायकोने उचलला. आप्पांच्या तोंडात कापसाचा बोळा होता, बोलायची बंदी होती. टेपताईने प्रसंग सांगितला, काकूंनी तो आप्पांना सांगितला, आणि मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"ते हसतायत," काकू म्हणाल्या. "टाके तुटतील म्हणून मी ओरडतेय, पण थांबतच नाहीत. हं, थांब, आता कागदावर लिहितायत." पेन्सिलची खरखर झाली. "वाचते हां. लिहिलंय, बस लावताना माझ्या हातात किल्ल्या किती असतात?"

टेपताईने वही उघडली. सहा महिने ती आप्पांच्या मागे मागे हिंडली होती. ते चाक किती अंशात वळवतात, मागे घेताना किती वेळा थांबतात, हे सगळं तिच्या वहीत होतं. किल्ल्या किती, हे तिने मोजलं नव्हतं. पण आता डोळ्यांसमोर आलं: आप्पा एका बसमधून उतरतात, दुसरीत चढतात, आणि शर्टाच्या खिशातून तीच एक किल्ली काढतात.

तिने फोन ठेवला आणि ती खड्ड्याकडे धावली.

"मेस्त्री, एका बसची किल्ली दुसरीला लागते?"

"लागते की," मेस्त्री म्हणाले. "सगळ्या एकाच कारखान्याच्या. एकच कुलूप."

"मग मघाशी सांगितलं का नाही?"

मेस्त्रींनी पाना खाली ठेवला. "मघाशी तुम्ही विचारलंत, किल्लीशिवाय चालतील का. किल्लीशिवाय नाही चालत."

मामाने चोवीस वर्षांत दुसऱ्याच्या बसची किल्ली कधी हातात घेतली नव्हती. त्याने आपल्या खिळ्यावरची किल्ली काढली आणि ती बाकीच्यांसारखीच आहे की काय, हे उलटसुलट करून पाहिलं. मेस्त्रींनी ती त्याच्या हातातून घेतली, फाटकातल्या बसमध्ये चढले, आणि पुढच्या क्षणी ते म्हातारं इंजिन असं गुरगुरलं, की टेपताईला ते आजवर ऐकलेल्या कुठल्याही गाण्यापेक्षा गोड वाटलं. हवा भरायला दीड मिनिट लागलं. ब्रेक फुस्स करून सुटला, तेव्हा तिचाही श्वास सुटला. चार वाजून नऊ मिनिटांनी पाचवी बस रस्त्याच्या कडेला उभी होती, चौदाला बाकीच्या चारही. पंधराला मामाची बस बाहेर पडली. तिच्यामागून उरलेल्या सदतीस अशा सुटल्या, जसं स्वेटरचं एक टोक ओढल्यावर लोकर सुटत जावी. प्रत्येक बस जिथे हवी तिथेच उभी होती, कुणाला कुणासाठी थांबावं लागलं नाही. एरवी डेपो रिकामा व्हायला पन्नास मिनिटं लागत. आज वीस लागली. चार पस्तीसला डेपोत फक्त खांब उरले, आणि टेपताई एका खांबाला टेकून बसली. कितीतरी वेळाने तिला हसू आलं.

पाचला साहेबांनी बोलावलं. त्यांच्या हातात मुख्य कचेरीचं पाकीट होतं, फोडलेलं.

मुख्य कचेरीचं टपाल पलीकडच्या डेपोमार्गे बसबरोबरच येतं. पाचव्या बसच्या ड्रायव्हरला फाटकात घुसताना एवढा घाम फुटला, की तो टपालाची पिशवी आपल्या सीटमागेच विसरला. बस बाहेर काढल्यावर ती पिशवी मेस्त्रींना दिसली. गडबडीत त्यांनी ती खांद्याला अडकवली, आणि सगळ्या बस गेल्यावर आणून दिली.

"वीस मिनिटं," साहेब म्हणाले. "मी मोजली." त्यांनी पत्रावर सही केली आणि ते तिच्याकडे सरकवलं. मग खुर्चीत मागे रेलून, तिला एक गोष्ट समजावून सांगावी तसं म्हणाले, "नशीबवान आहेस. ती बस फाटकात तशी अडकली नसती, तर हे पत्र दीड वाजताच माझ्या हातात आलं असतं. आणि हातात असतं, तर चार वाजून पाच मिनिटांनी मी त्याचे तुकडे केले असते."

टेपताईने पत्राची घडी केली. ती बस अडकली नसती, तर चार वाजून पाच मिनिटांनी तुकडे करायचं काही कारणच उरलं नसतं. ही चूक तिला लख्ख दिसत होती. तिने ती दाखवायला तोंडही उघडलं.

मग ती "हो साहेब" म्हणाली आणि बाहेर आली.